तीन दिवसांचा मुक्काम

किनो वेशीपाशी येते, पहारेकरी ‘किती दिवस?’ म्हणून विचारतो, आणि ‘तीन’ एवढेच सांगून ती आत जाते. र्‍यूतारो नाकामुरा यांनी २००३ साली दिग्दर्शित केलेल्या ‘किनो नो ताबी’ या तेरा भागांच्या जपानी चित्रमालिकेत एकेका देशाची नीती, क्रौर्य आणि खुळेपण यांचे जे निर्विकार अवलोकन आहे, त्याची थोरवी मला मान्य आहे; परंतु माझे मन रेंगाळले ते त्या वेशीवरच, कारण ज्या भूमीत ही कथा जन्मली तेथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एखाद्या मुलीने चौकीवर एवढ्या एका शब्दावर सुटणे केवळ अशक्य होते.

तोकुगावा इएयासूने १६०१ साली एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांच्यामधील तोकाइदो रस्त्यावर डाकेच्या घोड्यांचा बंदोबस्त केला, आणि पुढे त्या सुमारे पाचशे किलोमीटरांच्या वाटेवर ५३ टप्पे कायम झाले. पायी चालणाऱ्यास पंधरवडा लागे. वाटेत ओई नदी आडवी येई. तिच्यावर सरकारने ना पूल होऊ दिला ना नावेची परवानगी दिली, त्यामुळे हमालाच्या खांद्यावर बसूनच पैलतीर गाठावा लागे, आणि हमालीचा दर ठरे तो पाणी त्याच्या मांडीला लागते, कमरेला लागते की काखेला, यावरून. त्याहून पाणी चढले की नदी बंद. मग शिमादा आणि कानाया या दोन्ही काठच्या गावांत खोळंबलेले वाटसरू आपली थैली रिकामी करीत बसत, आणि तेथील खाणावळवाल्यांना पावसाळा गोड वाटत असला पाहिजे.

परंतु खरी अडवणूक हाकोनेच्या घाटातील नाक्यावर होती. ‘आत येणारी बंदूक आणि बाहेर जाणारी स्त्री’ यांवर नजर ठेवा, असा त्या काळचा रूढ वाक्प्रचार होता, आणि त्यामागे राजकारण होते: सरदारांनी आलटून पालटून एदोत हजेरी द्यावी हा नियम १६३५ साली पक्का झाला, त्यांच्या बायकामुलांना तर एदोतच ओलीस राहावे लागे, तेव्हा सरदाराची बायको निसटली म्हणजे बंड जवळ आले, असा हिशेब होता. बंदुकांची झडती मुख्यतः याच रस्त्यावरील आराईच्या नाक्यावर होई. हाकोनेचा रोख स्त्रियांवर. एदोहून निघणाऱ्या स्त्रीच्या परवान्यात ती कोठे व कशासाठी चालली याबरोबरच तिच्या केसांची ठेवण आणि अंगावरच्या खुणा यांचाही तपशील असे, आणि नाक्यावर नेमलेली स्त्री तिचा अंबाडा सोडवून, केस विंचरून, तो मजकूर ताडून पाही. चोरवाटेने नाका चुकविणाऱ्याला क्रूसावर चढवण्याची शिक्षा होती. हे नाके १८६९ साली उठले.

पुरुषांचेही सारे सुखाचे होते असे नव्हे. १६८९ साली शिष्य सोरासह उत्तरेच्या यात्रेला निघालेला बाशो, ज्याच्या प्रवासातील शांतता आपण सारेच वाखाणतो, त्यालाही शितोमाएच्या नाक्यावरील पहारेकऱ्यांनी संशयाने रोखले होते. कवी म्हणून त्याची कीर्ती तेथे काही कामाला आली नाही.

आता किनोकडे पाहा. बाराव्या वर्षी मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना ‘मोठे’ करणाऱ्या देशातून ती निसटली, तिला वाचविताना मारल्या गेलेल्या एका प्रवाशाचे नाव तिने घेतले, आणि हर्मेस या बोलक्या मोटारसायकलवरून ती हिंडते. केस आखूड कापलेले, कमरेला पिस्तूल. जुन्या वाक्प्रचारातील दोन्ही गुन्हे एकाच अंगावर! आराईच्या अंमलदाराने आधी तिच्या पिस्तुलाला हात घातला असता की आधी तिच्या केसांना, एवढाच काय तो प्रश्न उरला असता. मालिकेतला पहारेकरी मात्र दिवसांची संख्या तेवढी विचारतो, आणि तिसऱ्या दिवशी ती निघते तेव्हा तिला कोणी अडवीत नाही.