फितीवरील पाठ आणि पाठशुद्धीची परंपरा

बडोद्याच्या विद्याव्यासंगात पाठशुद्धीला मानाचे स्थान आहे. १९१६ साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेचा प्रारंभ झाला, पुढे येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सिद्ध केली. पोथ्या ताडून पाहताना संपादकापुढे पहिला प्रश्न असे : दोष मूळ पाठाचा, की लेखनिकाचा? पोथीची जागा चुंबकीय फितीने घेतली, तरी तो प्रश्न कायम राहिला.

१९७६ साली जपानमध्ये व्हीएचएस फीत बाजारात आली. पुढे लग्नमुंजी, नाट्यप्रयोग आणि व्याख्याने तिच्यावर टिपली जाऊ लागली. मात्र जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. फिती उरल्या, त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. म्हणून त्यांवरील चित्रण संगणकात उतरविणे अगत्याचे ठरले.

येथे लेखनिक एक नाही, अनेक असतात : फीत, व्हीसीआर, तार आणि संगणकातील कार्ड. भारतातील पाल पद्धतीत एका सेकंदाला २५ चित्रे असून प्रत्येकात ६२५ रेषा असतात. जुनी फीत ताणली गेली असली, की या रेषांचा ठेका चुकतो. दूरदर्शन संच ते सांभाळून घेई. संगणकाचे कार्ड मात्र मधली चित्रे गाळते, आणि ओठांची हालचाल व आवाज यांची फारकत होते. अशा वेळी फीत निकामी ठरविणे अन्यायाचे होय. टाइम बेस करेक्टर हे उपकरण रेषा क्षणभर साठवून समान अंतराने पुढे सोडते. चित्रावर सर्वत्र ठिपके उसळत असतील, तर व्हीसीआरचे हेड मळलेले असण्याचा संभव अधिक. चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी हा दोषच नव्हे. ती पूर्वी पडद्याच्या कडेआड दडलेली असे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि प्रथम दुसरी, कमी मोलाची फीत लावून यंत्राची परीक्षा घ्यावी.

बुरशी धरलेली किंवा पूड सुटणारी फीत मात्र तशीच चालवू नये. ती स्वतःही नासते आणि यंत्रही नासविते. प्रत्येक वाचनाने फीत झिजते. एखादे वाचन अखेरचे ठरू शकते.

चिकित्सित आवृत्तीचा संपादक नाकारलेले पाठही तळटीपांत जपतो. त्याच न्यायाने फितीची पहिली, संस्कार न केलेली प्रत वेगळी राखावी, रंग-आवाजाची दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी आणि मूळ फीतही टाकू नये. आज जो दोष वाटतो, तो उद्याच्या अभ्यासकाला पुरावा वाटू शकेल.