वेणीच्या पेडांतलें वळण

सरळ केसांस अलगद लाटा आणावयाच्या तर तापलेलें यंत्र हवें, अशी समजूत अलीकडे बरीच रूढ झाली आहे. वास्तविक ही विद्या विस्तवाची नसून पाण्याची आहे, आणि आपल्या देशांत ती फार जुनी आहे. वर्धा जिल्ह्यांत बोर धरणाजवळ हिंगणी नांवाचें गांव आहे. तेथें काय किंवा विदर्भांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवीं काय, न्हाल्यावर ओलसर केसांची वेणी घालून ती रात्रभर ठेवली व सकाळीं सोडली, म्हणजे लांब केसांस नागमोडी वळण आलेलें दिसतें. हें वळण आपल्या इतिहासांत कोठें भेटतें, आणि मध्यंतरीं दिसेनासें कां झालें, याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम त्याचें कारण पाहूं. केस म्हणजे केराटिन नामक प्रथिनाचा तंतु. या प्रथिनाच्या सांखळ्या एकमेकींस अनेक बंधांनीं जखडलेल्या असतात. त्यांतले हायड्रोजन-बंध पाण्यानें सुटतात आणि केस वाळतांच पुन्हां जुळतात. वाळतेवेळीं केस ज्या आकारांत असेल तोच आकार तो पुढें धरून ठेवतो. पुन्हां पाणी लागलें कीं सोडून देतो. तापलेला चिमटा हेंच काम क्षणांत करतो; पण उष्णता फार झाली तर प्रथिनच बिघडतें आणि केस ठिसूळ होतो. पश्चिमेकडे हा मोह जुनाच आहे. रोमन स्त्रिया विस्तवांत तापविलेल्या धातूच्या नळीवर बटा गुंडाळीत, आणि १८७२ च्या सुमारास पॅरिसमध्यें मार्सेल ग्रातो यानें तापल्या चिमट्यानें लाटा पाडण्याची जी रीत काढली, ती त्याच्याच नांवानें जगभर गेली.

आपल्याकडील पुरावा मात्र ओल्या केसांचा आहे. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतींत, म्हणजे मराठीच्या पूर्वज अशा महाराष्ट्री प्राकृतांत, एक सुंदर कल्पना आहे. न्हाऊन निघालेल्या सांवळ्या तरुणीच्या केसांतून थेंब गळत आहेत. जणुं आतां आपणांस पुन्हां बांधणार या भीतीनें ते केस रडत आहेत! कवीस चमत्कृति साधावयाची होती. पण ओले केसच बांधीत असत ही घरगुती गोष्ट त्यानें सहज सांगून टाकली.

अमरकोशांत 'अलक' या शब्दाचा अर्थ 'चूर्णकुंतल' असा दिला आहे, म्हणजे चूर्ण लावून वळविलेले केस. कपाळावर व गालांवर रुळणाऱ्या या बटा निसर्गदत्त नव्हत्या. त्या घडविलेल्या होत्या, असा याचा अर्थ. कालिदासाच्या काव्यांत हे अलक पदोपदीं भेटतात. रघुवंशांतील इंदुमती ही विदर्भाचीच राजकन्या. ती गतप्राण झाल्यावर अज विलाप करतो; वाऱ्यानें हालणारे तिचे फुलें माळलेले, भुंग्यासारखे काळे अलक पाहून ती पुन्हां उठेल असा भास त्यास होतो, आणि त्या अलकांस कवीनें 'वळ्या धारण करणारे' असें विशेषण दिलें आहे. उलट मेघदूतांतली विरहिणी यक्षपत्नी पाहावी. तेलावांचून नुसत्या पाण्यानें न्हाल्यामुळें तिचे अलक राठ झाले आहेत, आणि बाकीचे केस एकाच वेणींत अडकून पडले आहेत. ती वेणी पतीनें परत येऊन सोडावयाची! वळण सुखाच्या दिवसांचें आणि बंद वेणी दुःखाच्या दिवसांची, हा संकेत येथें स्पष्ट आहे.

वर्ध्याजवळचें पवनार हीच वाकाटकांची राजधानी प्रवरपुर होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. त्याच वंशाच्या वाशीम शाखेंतील हरिषेण राजाच्या काळीं, पांचव्या शतकांत, अजिंठ्याचीं कित्येक लेणीं कोरलीं व रंगविलीं गेलीं. सतराव्या लेण्यांत आरशांत पाहून शृंगार करणाऱ्या राजस्त्रीचें चित्र आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील स्त्रियांच्या कपाळावरील बारीक कुरळ्या बटा आणि खांद्यावर उतरलेल्या केसांच्या लाटा पाहिल्या, म्हणजे अमरकोशांतील शब्दास डोळे फुटल्यासारखें होतें.

मग हें वळण गेलें कोठें? आमच्या मतें तें कोठेंच गेलें नाहीं. तें वेणीच्या पोटांतच राहिलें. पुढील काळच्या घरंदाज रीतींत केस तेल लावून चापून बसवावयाचे, घट्ट वेणी वा अंबाडा घालावयाचा, आणि वेणी सोडावयाची ती विंचरून पुन्हां घालण्यापुरतीच. मोकळे केस म्हणजे सुतक, अंगांत येणें किंवा कांहीं तरी अमंगळ! प्रत्येक वेणींत वळण पडत होतें, पण तें पाहण्याची मुभा जिचे केस तिलाहि नव्हती. आणि पति गेल्यावर अनेक घरांत तर केसच उरत नसत. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्यामागें सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. आदल्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं शारदासदन काढलें होतें. तेथें शिकलेल्या, केशवपनाचें दुःख भोगलेल्या गोदूबाई १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. केस राखण्याच्या हक्कासाठीं जेथें एवढें झगडावें लागलें, तेथें ते मोकळे सोडण्याचा हक्क उशिरा मिळावा यांत नवल नाहीं.

आतां तो हक्क बहुतेकींस मिळाला आहे, तेव्हां रीतहि नीट माहीत असावी. ओला केस नाजुक असतो व ताणल्यास तुटतो. म्हणून पंचानें टिपून, बराचसा वाळूं देऊन, गुंता टोंकाकडून वर सोडवीत यावा. मग तीन पेडांची सैल वेणी घालावी. एका जाड वेणीनें रुंद लाटा येतात, चार बारीक वेण्यांनीं दाट येतात. मानेजवळ आरंभ केल्यास वरचे केस सरळच राहतात. शेंडा मऊ चिंधीनें बांधावा. तेल बेताचें असावें, कारण जड केसांतलें वळण लौकर उतरतें. चूर्णकुंतलांची हौस असेल तर विदर्भाचें जवस आहेच. तें शिजवून गाळलेला बुळबुळीत रस केसांस चोळला तर वळण अधिक टिकतें. मुख्य नियम एकच : केस पुरते वाळल्यावांचून वेणी सोडूं नये, आणि सोडल्यावर फणी न लावतां बोटांनींच मोकळे करावे. वैशाखांतल्या कोरड्या हवेंत हें वळण चांगलें राहतें. श्रावणांत हवेंतली ओल तें उतरवून टाकते.

चिमट्याचें काम घटकाभरांत होतें, वेणीस रात्र लागते. पण त्या रात्रीचें मोल केसास द्यावें लागत नाहीं. आमच्या आज्यापणज्यांनीं हें वळण रोज घडविलें आणि रोज झांकून ठेवलें. त्यांच्या नातींनीं तें उघड्यावर आणावें, हेंच त्या विद्येचें खरें ऋण फेडणें होय.