भू-अन्वेषण (बांधकाम)

इमारत, पूल, धरण किंवा रस्ता बांधण्यापूर्वी त्या जागेच्या पोटातील माती, मुरूम, खडक व भूजल यांची जी पद्धतशीर तपासणी केली जाते, तिला भू-अन्वेषण म्हणतात. व्यवहारात तिला ‘सॉइल टेस्टिंग’ किंवा ‘माती परीक्षण’ असे म्हटले जाते. मात्र नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण जाणण्यासाठी शेतकरी जे माती परीक्षण करून घेतो, त्याहून हे सर्वस्वी वेगळे आहे. तेथे वरची वीतभर माती पुरते. येथे बांधकामाचा भार जितका खोल पोहोचतो तितके खाली जावे लागते.

खोलीचा प्रश्न

कॅनडात विनिपेगजवळील ट्रान्सकोना येथे ऑक्टोबर १९१३ मध्ये काँक्रीटचे नवे धान्यकोठार भरले जात असताना खचू लागले आणि एका दिवसात सुमारे २७ अंशांनी कलले. पायाच्या पातळीवरील मातीची तपासणी झालेली होती व ती समाधानकारक ठरली होती. परंतु ती लहानशा क्षेत्रावर भार ठेवून केलेली होती. अशा भाराचा प्रभाव त्या क्षेत्राच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच जाणवतो. सुमारे २३ मीटर रुंद पायाचा भार त्याहून कितीतरी खोल, खालच्या मऊ चिकणमातीपर्यंत पोहोचला. कोठाराचा सांगाडा शाबूत राहिल्याने खडकापर्यंत खांब उतरवून ते पुढे सरळ करण्यात आले. १९५१ मध्ये तेथे बोअर घेतल्यावर या मऊ थराचा उलगडा झाला.

मृदायांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल तेर्झागी (१८८३–१९६३) यांचा पायाभूत ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर पायाची खोली बहुतांशी गवंड्याच्या अनुभवावर ठरत असे.

पद्धती

उथळ कामांसाठी चाचणी खड्डे खणतात. खोल तपासणीसाठी बोअर घेतात. बोअरमध्ये सर्वाधिक रूढ असलेल्या प्रमाणित भेदन चाचणीत ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंटीमीटर उंचीवरून पाडून नमुना-नळी मातीत ठोकली जाते. पहिल्या १५ सेंटीमीटरचे ठोके सोडून पुढील ३० सेंटीमीटरसाठी लागलेले ठोके मोजतात. हा आकडा दिसायला सोपा असला, तरी कोरड्या चिकणमातीत तो फसवा ठरू शकतो. खडक लागल्यावर फिरत्या यंत्राने त्याचा गाभा बाहेर काढतात आणि १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांचे प्रमाण काढून खडकाची प्रत ठरवतात. भारतात या कामासाठी आयएस १८९२ हे मानक लागू आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

‘मुरूम लागला की पाया घ्यावा’ हा गवंड्यांचा जुना संकेत दख्खनच्या पठारावर बऱ्याच अंशी खरा ठरतो. परंतु कुजलेल्या बेसाल्टात कठीण गोटे शिल्लक राहतात. असा एखादा गोटा लागताच खडक लागला असे समजून बोअर थांबवणे ही घोडचूक होय. त्यामुळे खडकातही काही मीटर आत जाणे आवश्यक असते. लाव्हाच्या दोन थरांमधील लाल मातीचा मऊ पट्टाही असाच निसटू शकतो.

काळ्या मातीची अडचण निराळी आहे. तीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. वैशाखात भेगाळलेली, टणक वाटणारी हीच माती श्रावणात लिबलिबीत होते आणि तीवरील हलक्या घरांच्या भिंती तडकतात. हा गुण ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे: वाळवून चाळलेली १०–१० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेऊन एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल ओततात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनंतर दोन्हींतील आकारमानांचा फरक टक्क्यांत काढतात; तो ५० टक्क्यांहून अधिक असल्यास माती त्रासदायक समजली जाते. अशा जमिनीसाठी रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर कंद असलेले खांब विकसित केले. हा कंद ऋतुमानाचा परिणाम पोहोचत नाही अशा, साधारण साडेतीन मीटरखालच्या थरात ठेवतात.

अहवाल

अहवालात प्रत्येक बोअरची जागा, थरांचा छेद, चाचण्यांचे निष्कर्ष, सुरक्षित भारवहन क्षमता व अपेक्षित खचण दिलेली असते. भूजलपातळी मोजल्याची तारीखही त्यात नोंदवावी लागते, कारण मे महिन्यात कोरडा असलेला बोअर ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेला असू शकतो. दोन बोअरमधील भाग हा अनुमानाचा असतो. प्रत्यक्ष खोदाईत वेगळा थर आढळल्यास काम थांबवून पायाचा आराखडा पुन्हा तपासला जातो.