तळटीप ७ : अक्षरजाळी

७. अक्षरजाळी : विजापूरच्या इब्राहिम रौझ्यातील दगडी खिडक्यांसाठी लेखकाने हा शब्द योजला आहे. मशिदीत माणसाची किंवा प्राण्याची आकृती कोरत नाहीत. त्यामुळे कुराणातील वचने हाच तिथला मुख्य अलंकार ठरला आणि खुशनवीसाला, म्हणजे सुलेखनकाराला, मोठा मान मिळाला. इमारतीवरील लेखांसाठी ‘सुलुस’ हे वळण विशेष आवडीचे. त्यातले अलिफ आणि लाम यांचे दांडे भाल्यांसारखे उंच उभे राहतात आणि त्यांच्या पायथ्याशी गोलाईची अक्षरे एकमेकांत गुंफली जातात.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या (कारकीर्द १५८०–१६२७) या रौझ्यात कबरीची इमारत आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर आहेत. कबरीच्या खिडक्यांत पाथरवटाने अक्षरे दगडात राखली आणि मधली जागा कोरून आरपार मोकळी केली. बाहेरचा उजेड आत येतो तो या अक्षरांच्या फटींतूनच. विजापूरच्या जामा मशिदीत मात्र हेच काम रंगाने आणि सोन्याच्या मुलाम्याने केलेले दिसते. तिथली मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, मुहम्मद आदिलशाहाच्या काळात, १६३६ मध्ये सजवली गेली.

अशा लेखांना नुसती ‘वेलबुट्टी’ म्हणणे चूक आहे. ती उजवीकडून डावीकडे वाचायची वाक्ये आहेत. वाचकांनी ती तशीच पाहावीत.