कॅशे : हाकून एकत्र आणलेल्याची कुळकथा

संगणकाला पुन्हा पुन्हा लागणारा डेटा मूळ साठ्यातून आणून हाताशी ठेवणाऱ्या लहान आणि जलद साठ्याला 'कॅश' म्हणतात, आणि मागणी येण्याआधीच असा डेटा आणून ठेवण्याच्या रीतीला 'प्रीफेचिंग', म्हणजे अगाऊ आणणे, असे नाव आहे. मराठी मोबाइलच्या पडद्यावर हाच शब्द 'कॅशे' या रूपात उमटतो. त्याची व्युत्पत्ती सांगताना पाठ्यपुस्तके सहसा एका ओळीवर थांबतात: फ्रेंचमध्ये 'काशे' म्हणजे लपवणे, आणि हा साठा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नजरेआड राहतो, म्हणून हे नाव. ही ओळ चुकीची नसली तरी अपुरी आहे. शब्दाचे मूळ लपवण्यात नसून हाकून एकत्र आणण्यात आहे, आणि यंत्राचा इतिहासही लपवण्यापेक्षा एकत्र आणण्याचाच आहे, असे या कुळकथेचे प्रतिपादन आहे.

फ्रेंच क्रियापदाची वंशावळ कोशकार उत्तरकालीन बोली लॅटिनमधील 'कोआक्तिकारे' या रूपापर्यंत नेतात. त्याचा अर्थ दाबून एकत्र करणे असा असून ते 'कोआक्तारे' या क्रियापदावरून आलेले मानले जाते. 'कोआक्तारे' हे 'कोगेरे' या क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून बनले आहे, आणि 'कोगेरे' म्हणजे 'को', अर्थात सह, आणि 'आगेरे', अर्थात हाकणे, यांची जोडणी. गुरे एका जागी हाकून आणणे हा 'कोगेरे'चा अगदी उघड अर्थ होता. वंशावळीतील दुबळा दुवा इथेच मान्य केला पाहिजे: 'कोआक्तिकारे' हे रूप कोणत्याही लिखित ग्रंथात सापडत नाही, ते ध्वनिनियमांवरून पुन्हा उभे केलेले आहे.

मराठी वाचकासाठी खरे नवल याच्या पुढे आहे. लॅटिन 'आगेरे' आणि संस्कृत 'अज्' हे एकाच आद्य भारतीय-युरोपीय धातूचे वंशज आहेत, आणि संस्कृतातही 'अज्' म्हणजे हाकणे, पुढे लोटणे. या धातूला 'सम्' हा उपसर्ग लागून 'समाज' हा शब्द सिद्ध होतो. लॅटिन 'को' आणि संस्कृत 'सम्' हे उपसर्ग एकाच कुळातले नाहीत, त्यामुळे 'कोगेरे' आणि 'समाज' यांना सख्खी भावंडे म्हणता येणार नाही. तरीही दोन भाषांनी एकाच धातूला एकाच अर्थाचा उपसर्ग जोडून 'हाकून एकत्र आणणे' ही एकच कल्पना घडवली, हे नाकारता येत नाही. पाणिनीने तर या शब्दासाठी अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र दिले आहे: पशूंविषयी बोलायचे असेल तर 'समज' हे ऱ्हस्व रूप होते, आणि एरवी 'समाज' हे दीर्घ रूप. अमरकोशही हाच भेद पाळतो. गुराख्याने हाकून आणलेला कळप तो समज आणि माणसांचा मेळा तो समाज, हा बारीक फरक मराठीने पुढे सोडून दिला. आकलन या अर्थाचा मराठी 'समज' निराळ्या मुळाचा आहे, त्याचा या कळपाशी संबंध नाही.

या व्युत्पत्तीला एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो दिसायला फार लोभस आहे. उत्तर फ्रान्सच्या पिकार्ड आणि नॉर्मन बोलींत 'काशिए' म्हणजे शिकार करणे, पाठलाग करणे असे एक क्रियापद होते. त्यातूनच पकडणे या अर्थाचा इंग्रजी 'कॅच' निघाला. डेटा पकडून ठेवतो तो कॅश, आणि हा शब्द इंग्रजीत रुळवणारे लोक तर शिकारी आणि फासेवाले, मग 'कॅश' आणि 'कॅच' एकच का नसावेत? उत्तर ध्वनींत आहे. लॅटिन शब्दाच्या आरंभीचा 'का' मध्य फ्रान्सच्या बोलीत 'शा' होतो: मांजर या अर्थाचा 'कात्तुस' तिथे 'शा' झाला आणि शिकारीचे 'काप्तियारे' तिथे 'शासे' झाले. उत्तरेच्या बोलींत मात्र 'क' टिकला आणि तेच शिकारीचे क्रियापद 'काशिए' राहिले. लपवण्याचे 'काशे' पॅरिसच्या प्रमाण भाषेतही 'क' राखून आहे, याचा अर्थ त्याच्या मुळाशी साधा 'का' नसून 'कोआ' होता, कारण 'कोआ'तील 'ओ' त्या 'क'चे रक्षण करतो. या नियमाला दुसरा साक्षीदारही आहे. दूध गोठणे या अर्थाचे लॅटिन 'कोआगुलारे' फ्रेंचमध्ये 'काये' झाले, तिथेही 'क' शाबूत राहिला. हा साक्षीदार घरचाच आहे, कारण 'कोआगुलारे'सुद्धा 'कोगेरे'च्याच कुळातले. विरजण लागून दुधाचे कण एकत्र येतात, तेव्हा तेही एका अर्थी हाकूनच आणलेले असतात.

दाबण्यातून लपवण्याचा अर्थ कसा निघाला, हे फ्रेंचांना समजावून द्यावे लागत असेल, मराठी माणसाला द्यावे लागत नाही. कागद दडपून ठेवला म्हणजे त्यावर वजन ठेवले, पण बातमी दडपली म्हणजे ती लपवली. ससा गवतात दबून बसतो, तो दिसू नये म्हणूनच. 'दडपणे', 'दडणे' आणि 'दडवणे' यांची व्युत्पत्ती काहीही असो, अर्थाची वाट तीच आहे. उकिडवे बसणे या अर्थाचा इंग्रजी 'स्क्वाट' हा शब्दही 'कोगेरे'च्याच वंशातला असून तोही दाबण्याकडून दबून बसण्याकडे याच वाटेने गेला. फ्रेंचमध्ये मात्र दाबण्याचा जुना अर्थ एका भावंडाने जपून ठेवला. 'काशे' याच उच्चाराचे, पण निराळ्या लेखनाचे एक नाम तिथे आहे, आणि त्याचा अर्थ मोहोर, म्हणजे लाखेवर दाबून उठवलेला शिक्का. इंग्रजीत साठ्याचा उच्चार 'कॅश' आणि मोहरेचा 'कॅशे' असा असल्याने मराठी पडद्यावरचे 'कॅशे साफ करा' हे, तसा कोणाचा हेतू नसताना, साठ्यापेक्षा मोहरेच्या नावाला जवळचे ठरले आहे. इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर मराठीत उच्चारले गेले, इतकेच त्याचे कारण दिसते; पण या 'चुकी'ला सुधारू नये, कारण तिच्यामुळे शब्द आपल्या जुन्या घरी परतला आहे, आणि रोकड या अर्थाच्या 'कॅश'शी होणारा घोटाळाही टळला आहे.

इंग्रजीत हा शब्द उत्तर अमेरिकेतील फ्रेंच फासेवाल्यांकडून आला. कातडी आणि धान्य जमिनीत पुरून ठेवण्याच्या खड्ड्याला ते हे नाव देत. मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेने जून 1805 मध्ये मिसुरी नदीकाठी असा खड्डा केला, तेव्हा अनुभवी म्हणून ते काम पिएर क्रुझात या नावाड्याकडे सोपवले होते. लुईसने रोजनिशीत त्याची रीत तपशीलवार लिहिली आहे: उंचवट्यावरची कोरडी जागा निवडून सुमारे 20 इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे, वरची हिरवळ अलगद उचलून बाजूला ठेवायची, खाली जाताना खड्डा रुंदावत 6-7 फूट खोल न्यायचा, निघालेली माती नदीत टाकायची म्हणजे खूण राहणार नाही, आत काटक्यांचा थर द्यायचा, आणि माल भरल्यावर तीच हिरवळ पुन्हा तोंडावर बसवायची. अरुंद तोंड आणि रुंद पोट हे वर्णन वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पेव उभे राहते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी अशीच पेवे होती, आणि 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार तर भाषेत इतका मुरला आहे की बोलणाऱ्याला जमिनीखालचे कोठार आठवतही नाही. दोघांची दैवेही सारखी ठरली. 1806 च्या जुलैमध्ये लुईसने मिसुरीच्या धबधब्यांजवळ केलेला आपला दुसरा एक खड्डा उघडला, तेव्हा नदीचे पाणी शिरून अस्वलांची कातडी आणि जमवलेल्या वनस्पतींचे नमुने नासले होते. हरिपूरच्या पेवांतही 2005 च्या महापुरात पाणी शिरले. लुईसने रोजनिशीत या खड्ड्यासाठी रोकड या अर्थाच्या 'कॅश'चेच स्पेलिंग वापरले आहे, तेव्हा हा घोटाळा निदान दोनशे वर्षांचा तरी जुना म्हटला पाहिजे.

संगणकाच्या बाजूची पहिली पावले सर्वश्रुत आहेत. 1962 मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅटलस यंत्राने ड्रमवरचा साठा आणि आतली स्मृती यांच्यात 512 शब्दांची पाने आपोआप हलवली, आणि 1965 मध्ये मॉरिस विल्क्स यांनी 'स्लेव्ह' स्मृतीची, म्हणजे मुख्य स्मृतीच्या दिमतीला असलेल्या लहान जलद स्मृतीची, कल्पना एका छोट्या लेखात मांडली. नाव मात्र आयबीएमच्या सिस्टम 360 मॉडेल 85 या यंत्राने दिले. त्यावरचे लेख आयबीएम सिस्टम्स जर्नलसाठी तयार होत असताना, 1967 मध्ये, संपादक लाइल जॉन्सन यांना 'जलद बफर' हा शब्द फिका वाटला. त्यांनी लेखकांकडे दुसरा शब्द मागितला, आणि तो आला नाही तेव्हा स्वतःच 'कॅश' सुचवला, अशी हकिकत सांगितली जाते. 1968 च्या अंकात तो छापला गेला आणि कायमचा रुजला.

जॉन्सन यांच्या मनात 'कोगेरे' नसणार, फासेवाल्यांचा खड्डाच असणार, हे उघड आहे. लपवण्याच्या पक्षाचे बळही इथेच आहे, कारण मॉडेल 85 मधील हा साठा प्रोग्रामला खरोखरच दिसत नसे. परंतु न दिसणे हा त्या काळच्या यंत्रातील अनेक भागांचा गुण होता, त्याने या भागाचे काम कळत नाही. काम आकड्यांतून कळते. यंत्राचे एक आवर्तन 80 नॅनोसेकंदांचे आणि मुख्य स्मृतीचे 1.04 मायक्रोसेकंदांचे, म्हणजे तेरापट. 16 किलोबाइटचा कॅश 1024 बाइटच्या 16 भागांत विभागलेला असून प्रत्येक भागात 64 बाइटचे 16 ठोकळे बसत. मागितलेला शब्द कॅशमध्ये नसला, तर तो एकटा न आणता त्याचा सगळा ठोकळा आणला जाई, कारण ज्याने एक शब्द मागितला तो लवकरच शेजारचाही मागेल, हा अनुभव होता. शेजारच्यांना न मागता सोबत हाकून आणणे ही प्रीफेचिंगची सर्वांत साधी पायरी होय, आणि ती कॅशच्या जन्मातच होती.

क्लाउडमध्ये हा धागा अधिकच ठळक होतो. अ‍ॅमेझॉनची एस3 ही साठवण सेवा मार्च 2006 मध्ये सुरू झाली. तिच्यात फाइल वाचणाऱ्याच्या स्वतःच्या डिस्कवर नसते, ती नेटवर्कपलीकडे एका नावाखाली ठेवलेली असते, आणि प्रत्येक वाचन ही एक विनंती, म्हणजे एक खेप असते. पहिला बाइट हाती येण्यास साधारण 100 ते 200 मिलिसेकंद लागतात. मॉडेल 85 च्या आवर्तनाने मोजले तर 100 मिलिसेकंदांत साडेबारा लाख आवर्तने होतात. तेराच्या दरीसाठी जे उभारले गेले, त्याला आता साडेबारा लाखांची दरी ओलांडायची आहे. अंतर एवढे वाढले की किती बाइट आणले यापेक्षा किती खेपा केल्या याला महत्त्व येते.

पार्के नावाच्या स्तंभवार फाइल-रचनेत हे जवळून पाहता येते. कोणता स्तंभ कुठे आहे याची यादी या फाइलच्या शेवटी असते. शेवटच्या 8 बाइटांपैकी पहिल्या चारांत त्या यादीची लांबी आणि उरलेल्या चारांत ओळखीची खूण असते. भोळा वाचक-प्रोग्राम आधी ते 8 बाइट आणतो, लांबी कळल्यावर यादी आणतो आणि यादी कळल्यावर स्तंभ आणतो. तीन खेपांत एका ओळीचीही बेरीज सुरू होण्याआधी किमान 300 मिलिसेकंद जातात, आणि यांपैकी दोन खेपा नुसत्या पत्ता विचारण्यात खर्च होतात. जाणता प्रोग्राम शेपटीकडचा मोठा तुकडा आरंभीच एका खेपेत उचलतो, म्हणजे लांबी आणि यादी दोन्ही हाती येतात. मग लागणारे स्तंभ जवळजवळ असले तर मधला नको असलेला भागही पत्करून ते एकाच विनंतीत बांधतो, आणि दूरदूर असले तर त्यांच्या विनंत्या एकामागून एक न करता एकाच वेळी सोडतो. एस3 ची मार्गदर्शिका अशा तुकड्यांसाठी 8 ते 16 मेगाबाइट हे प्रचलित माप सांगते. दीर्घकाळ साठवून ठेवण्याची किंवा कोणापासून लपवण्याची इथे काहीच गोष्ट नाही. पांगलेले बाइट एका खेपेत हाकून आणणे एवढेच काम आहे, आणि त्याला पाणिनीचा ऱ्हस्व 'समज' चपखल बसतो.

या प्रतिपादनातील एक फट मात्र झाकता येत नाही. पेवातली हळद आणि फासेवाल्याचे कातडे हाच मूळ माल असे, त्याची दुसरी प्रत नव्हती. हाकलेली गुरेही एका जागेवरून दुसरीकडे जात, दोन्हीकडे राहत नसत. संगणकातला कॅश मात्र केवळ प्रत ठेवतो आणि मूळ जागच्या जागी राहते, त्यामुळे मूळ बदलले आणि प्रत शिळी राहिली असे होऊ शकते. एस3 ने डिसेंबर 2020 पासून, लिहिलेले ताबडतोब वाचायला मिळेल अशी खात्री दिली, परंतु ती खात्री सेवेच्या दाराशी संपते. वाचणाऱ्याने स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतीला ती लागू नाही. तिथे वेबच्या नियमांतला ई-टॅग कामी येतो. साठवण सेवा प्रत्येक वस्तूबरोबर एक छोटी खूण देते आणि वस्तू बदलली की खूण बदलते. प्रत जवळ बाळगणारा ती खूण पाठवून विचारतो की वस्तू अजून तीच आहे काय, आणि तीच असेल तर 304 या क्रमांकाचे उत्तर येते, माल पुन्हा वाहावा लागत नाही. ती खूण म्हणजे मजकुरावर दाबून उठवलेली मोहोर आहे, आणि मोहरेला फ्रेंचमध्ये काशेच म्हणतात.