मोट, इंजन, मोगली एरंड अन् सौरपंप

डिझेलला पर्याय काय, यावर सध्या लई चर्चा चालू आहे. थोडा मागचा हिशोब बघू.

आपल्या देगलूर भागात आधी विहिरीवर मोट होती. धावेवर बैलजोडी, थारोळ्यात पाणी. 1946 ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. पुढं इंजन आलं अन् मोट अडगळीत गेली. कारण साधं. एक लिटर डिझेलात जवळपास 10 युनिट उष्णता असते. त्यातली 3 युनिटच कामी येते, बाकी धुरात अन् इंजन तापण्यात जाते. तरी ती 3 युनिट म्हणजे बैलजोडीचं चार तासांचं काम! अन् डिझेल चारा मागत नाही, कॅनमध्ये भरून कुठंही नेता येतं.

1973 ला अरब देशांनी तेल अडवलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव 3 डॉलरवरून 12 च्या घरात गेला. पुढं विहिरीवर वीज आली, रात्रीची का होईना. ट्रॅक्टर मात्र डिझेलवरच राहिला.

मग मोगली एरंडाची, म्हणजे जेट्रोफाची हवा झाली. पडीक रानात डिझेल पिकवा म्हणे! 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. झाड पडीक रानात जगतं हे खरं, पण जगणं वेगळं अन् बी भरणं वेगळं. बी भरायला पाणी-खत लागतं, अन् पाणी असलेल्या रानात सोयाबीन-हळद सोडून ते कोण लावील? 2018 च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य 5 टक्क्यांवर आलं, तेही 2030 पर्यंत.

आता सौरपंप. 2019 पासून पीएम-कुसुम, नंतर राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. पंपाला हे जमतं, कारण ऊन असेल तेव्हा पाणी द्यायचं, पीक एखादा दिवस थांबतं. पाच एचपी पंपाचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 20 युनिटच्या आसपास देतं. नांगरटीत ट्रॅक्टरनं दिवसभरात 40 लिटर जाळलं, तर काम झालं 120 युनिटचं. म्हणजे त्या पॅनलचे सहा दिवस! मृगात ढग आले तर आणखी जास्त. वाफसा तेवढा थांबतो का?

बॅटरीच्या ट्रॅक्टरवाला दारात आला की एकच विचारा: एका चार्जिंगवर आपल्या काळ्या रानात नांगर किती एकर चालतो?