करुणेची मिश्र माध्यमे : वेरूळच्या लेण्यांपासून लोह्याच्या पोळ्यापर्यंत

कलेच्या क्षेत्रात 'मिश्र माध्यम' हा शब्द अलीकडे रूढ झाला आहे. रंग, कापड, माती, लाकूड, धातू, कागद अशा भिन्न साधनांच्या संयोगातून साकारलेली कलाकृती, असा त्याचा अर्थ होय. शब्द नवा असला तरी वस्तू मात्र जुनी आहे. मूक जीवांविषयी दयाभाव जागविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी हीच रीत शतकानुशतके वापरली. त्या परंपरेचा मागोवा घेताना एका टोकाला वेरूळची लेणी दिसतात, तर दुसऱ्या टोकाला आपल्या लोहा-कंधार परिसरातील बैलपोळा. या दोन टोकांना जोडणारा धागा कोणता आणि त्यातून आज आपण काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या परंपरेच्या मुळाशी बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांची कथा आहे. विवाहाची मिरवणूक वधूगृही पोहोचत असताना कुंपणात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला. हे पशू वऱ्हाडाच्या भोजनासाठी आणले आहेत, असे कळताच त्यांनी रथ परतविला आणि संसाराचा त्याग केला. वाग्दत्त वधू राजीमतीनेही पुढे तोच मार्ग स्वीकारला. नेमिनाथांचे निर्वाण गिरनार पर्वतावर झाले, अशी श्रद्धा आहे. त्याच गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत आणि त्यांत पशुहत्येवरील निर्बंधांचा तसेच मनुष्यांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराचा उल्लेख आहे, हा योग विचार करण्यासारखा आहे.

ही कथा कलावंतांना पिढ्यान्‌पिढ्या खुणावीत राहिली. अबू येथील तेजपालाने सुमारे इ.स. १२३० मध्ये उभारलेल्या लूणवसही मंदिरात ती संगमरवरी छतावर कोरलेली आहे. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत ती प्रथम ताडपत्रावर व पुढे कागदावर रंगविली गेली. पंधराव्या शतकातील काही पोथ्यांत सोने आणि लाजवर्दी निळा रंग यांचा मुक्त वापर दिसतो. चित्रकाराने एका बाजूस वरातीचा थाट, दुसऱ्या बाजूस कोंडलेली हरणे आणि मधोमध परतणारा रथ दाखविला की, उपदेशाचा एकही शब्द न लिहिता पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. आपल्या मराठवाड्यातही जिंतूरजवळील नेमगिरी हे क्षेत्र नेमिनाथांच्या नावाने ओळखले जाते.

वेरूळ येथील क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी प्रामुख्याने नवव्या-दहाव्या शतकांतील मानली जातात. तो राष्ट्रकूटांचा काळ होता. कंधारचा किल्लाही राष्ट्रकूटकालीन मानला जातो, त्यामुळे हा इतिहास आपल्या उंबरठ्याशीच येऊन पोहोचतो. आज ही लेणी आपल्याला केवळ काळ्या पाषाणाची वाटतात, परंतु मुळात पाषाणावर गिलावा देऊन ती रंगविलेली होती. इंद्रसभा लेण्याच्या छतावर त्या चित्रांचे अवशेष अद्यापही दिसतात. कोरीव काम, गिलावा आणि रंग यांचा हा संगम मिश्र माध्यमाचेच उदाहरण होय. येथील बाहुबलींच्या शिल्पांत देहावर वेली चढल्या आहेत आणि सर्प, हरिणादी जीव त्यांच्याजवळ निर्भयपणे वावरत आहेत. मनुष्य पूर्णपणे शांत झाला म्हणजे प्राण्यांना त्याचे भय उरत नाही, हा विचार त्या शिल्पकाराने दगडातून सांगितला.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू आचार्य जिनसेन यांनी आदिपुराणात समवसरणाचे सविस्तर वर्णन केले आहे. दिगंबर परंपरेनुसार तेथील बारा सभांपैकी एक सभा तिर्यंचांची, म्हणजे पशुपक्ष्यांची असते. जन्मजात वैर असलेले प्राणी तेथे शेजारी बसून धर्मश्रवण करतात. म्हणूनच समवसरणाच्या रचना लाकूड, चांदी, संगमरवर, कापड, रंग अशा नाना साधनांतून होत आल्या. तीर्थंकरांची लांछने पाहिली तरी हेच दिसून येते. बैल, हत्ती, घोडा, वानर, गेंडा, महिष, वराह, हरिण, बोकड, कासव, सर्प, सिंह असे प्राणी तेथे प्रतिमेच्या आसनावर स्थान मिळवून आहेत. वंदन करणाऱ्याची दृष्टी चरणांवर जाताच त्या प्राण्यावरही जाते.

आता या परंपरेकडून आपल्या मातीकडे वळू. लोहा, कंधार, मुखेड हा लाल कंधारी गोवंशाचा मूळ प्रदेश, तर शेजारच्या लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव त्याच नावाच्या गोवंशामुळे प्रसिद्ध आहे. लोहा तालुक्यातीलच माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यातील घोडे, गाढवे व बैलांचा बाजार दूरवर ख्यातकीर्त आहे. येथील माणसाचे पशूशी असलेले नाते पुस्तकातून आलेले नाही; ते गोठ्यात घडलेले आहे.

या नात्याची सर्वांत देखणी अभिव्यक्ती म्हणजे श्रावण अमावस्येचा पोळा. आदल्या दिवशी खांदमळणी होते. जुवाने घट्टे पडलेला खांदा ऊन पाण्याने शेकून त्यास हळद व लोणी चोळतात. दुसऱ्या दिवशी बैल धुऊन त्याची शिंगे साळतात, रंगवितात, बेगड चिकटवितात. अंगावर गेरूचे ठसे, पाठीवर झूल, गळ्यात घुंगूरमाळा व कवड्यांच्या माळा, कपाळावर बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा असा साज चढतो. त्या दिवशी बैलाकडून काम घेत नाहीत आणि पुरणपोळीचा पहिला मान त्याचा असतो. रंग, धातू, कापड, लोकर, कवडी व कागद एकत्र आणणारी ही मिश्र माध्यमातील कला जिवंत देहावर, एका दिवसासाठी साकार होते.

आपल्या भागात अनेक गावी वेशीवर मंगलाष्टके म्हणून बैलांचे लग्न लावतात. नेमिनाथांच्या कथेत लग्नासाठी पशू कोंडले गेले होते. येथे पशू स्वतःच बाशिंग बांधून नवरदेव होतो. या दोन परंपरांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध आहे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तथापि दोहोंचा आशय एकाच दिशेस जातो. आपल्या मंगलकार्यात पशूचे स्थान कोणते, हाच तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर केवळ सजावटीने मिळत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. ज्याचा खांदा आज लोण्याने मळला, त्याच खांद्यावर उद्या जू येते. शिंगांना लावला जाणारा पारंपरिक हिंगूळ हा पाऱ्याचा क्षार आहे आणि बाजारातील रासायनिक रंग तर शिंगांना व कातडीला अपायकारक ठरू शकतात. म्हणजे प्रेमाने केलेला शृंगारही त्या मुक्या जीवास बाधू शकतो.

साधनांचा हा प्रश्न कलावंताच्या मेजावरही आहे. जुन्या लघुचित्रांचे नाजूक कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे असत. रंग घट्ट बसविणारा सरस कातडी व हाडे उकळून काढीत. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये निषिद्ध असूनही चालत राहिला. सन २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाला त्याविरुद्ध 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने देशभर मोहीम हाती घ्यावी लागली. हरणाचे डोळे करुणेने रंगवावेत आणि हातातील कुंचला मुंगसाच्या प्राणाचा असावा, याहून मोठी विसंगती कोणती? साधनशुद्धी हा आपल्या आचारधर्माचा कणा आहे आणि तो कलेसही लागू आहे.

कलेने जागविलेली करुणा पुढे कृतीत उतरावी लागते. मुंबईत इ.स. १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली. तेथे पारशी व जैन दानशूर खांद्यास खांदा लावून उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर नृत्यक्षेत्रातील थोर कलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. त्याच प्रयत्नांची परिणती १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात झाली आणि पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या पशुकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. रंगमंचावरील संवेदना कायद्याच्या कलमापर्यंत पोहोचू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आज आपल्या परिसरात आणखी एक बदल घडत आहे. ट्रॅक्टर आला आणि दावणी रिकाम्या होऊ लागल्या. अनेक घरी आता पोळ्याला मातीच्या बैलांचीच पूजा होते. मूर्ती उरावी आणि जीव नाहीसा व्हावा, अशी ही अवस्था आहे. अशा वेळी मातीचा बैल हा निव्वळ शोभेचा न राहता स्मरण देणारा ठरला पाहिजे.

पर्युषण व दशलक्षण पर्वात किंवा महावीर जयंतीस आपली मुले देखावे, रांगोळ्या व चित्रफलक मोठ्या हौसेने करतात. त्यांच्या हाती शाडू किंवा शेतातील माती, ज्वारीची धाटे, जुनी लुगडी, गोणपाट, गेरू, हळद आणि वनस्पतीजन्य डिंक द्यावा. नेमिनाथांचा परतलेला रथ त्यांनी याच साधनांतून घडवावा आणि कुंपणात हरणांबरोबर लाल कंधारी बैल, माळेगावच्या बाजारातील गाढव, गावातील मोकाट श्वान हेही दाखवावेत. देखावा उतरविल्यावर त्याच मुलांनी दारात पाण्याची कुंडी ठेवावी. कुंचल्याने चितारलेली करुणा मग कुंडीतल्या पाण्यापर्यंत पोहोचेल.

इतिहासाने आपल्याला लेण्याची भिंत, पोथीचे पान आणि पोळ्याचा बैल दिला. या तिन्हींचे मूल्य कारागिरीच्या सौंदर्यावरच मापले जाणार नाही. ती पाहून कोणाचा रथ परत वळला, यावरही ते मापले जाईल. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी आपणा सर्वांच्या हातून तशी कला व तसे आचरण घडो, हीच प्रार्थना.